मालवणच्या वाटेवरचा मिस्त्री

देशावरून मालवणास उतरायच्या वाटा पुष्कळ आहेत. कोल्हापूरकडून निघणाऱ्याला गगनबावड्याशी करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट मिळतात. राधानगरी-दाजीपूरच्या रानातून गेले तर फोंड्याचा घाट लागतो, आणि बेळगाव-आजऱ्याकडच्या माणसाला आंबोली जवळची. मुंबईकरांसाठी कोकण रेल्वे आहे. २६ जानेवारी १९९८ रोजी हा मार्ग सबंध खुला झाला, आणि गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्यांचे निम्मे हाल त्या दिवशी संपले. उरलेले निम्मे तिकिटाच्या रांगेत शिल्लक आहेत. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीचा विमानतळही सुरू झाला. तरीसुद्धा आपल्यासारखी मध्यमवर्गीय मंडळी निघतात ती बहुधा स्वतःच्या गाडीने. मागे बॅगा, पुढे गणपतीची चिमुकली मूर्ती, मुलांच्या मांडीवर चिवड्याचा डबा, आणि वाटेत वाटेल तिथे थांबायची मोकळीक!

मालवणावर लिहिणारा लेखक सिंधुदुर्ग किल्ल्यावरून सुरुवात करतो आणि सोलकढीच्या वाटीपाशी येऊन विसावतो, अशी वहिवाट आहे. ती मोडावी असा माझा मुळीच आग्रह नाही. किल्लाही मला प्रिय आहे आणि सोलकढीही. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मला या किनाऱ्याचे एक निराळेच दर्शन घडले. ते घडले चौक्याच्या अलीकडे, एका मिस्त्रीच्या दुकानात, आणि त्याला निमित्त झाला रबराचा एक दातेरी पट्टा. हातभर रुंदीच्या घडीत मावेल एवढीशी वस्तू. पण गाडी बाळगणाऱ्या दहा घरांपैकी नऊ घरांना ती आपल्या गाडीत आहे की नाही, हेसुद्धा ठाऊक नसते.

त्याचे असे झाले. गाडी होती माझ्या मेव्हण्याची. डिझेलवर चालणारी, दहा वर्षांची, पण दिसायला ठाकठीक. तो कामात अडकलेला, म्हणून सुट्टीपुरती त्याने ती आम्हांला दिली होती. फोंड्याचा घाट सुरेख उतरला. कणकवलीला चहा झाला. कसालला महामार्ग सोडून आम्ही मालवणच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, त्यांवर वाळत चाललेले गवत, मधूनच काजूची बाग आणि एखादे कौलारू घर. कट्टा मागे पडला आणि समोरच्या तबकडीवरचा उष्णतेचा काटा हळूहळू वर चढू लागला. तो लाल रेघेच्या जवळ जाण्याआधीच गाडी बाजूला घेतली. खाली पाहिले, तर थेंब थेंब पाणी गळत होते.

शेजारच्या दुकानदाराने हात करून दाखवले, "तो काय मिस्त्री. फुडल्या वळणार." निवलेली गाडी, पाणी भरून, त्या वळणापर्यंत नेली. दुकान म्हणजे तीन बाजूंना चिऱ्यांच्या भिंती, वर मंगलोरी कौले, पुढे अंगण. अंगणात एक होडीचे यंत्र ताडपत्रीवर उघडून ठेवलेले, त्याच्या शेजारी एक रिक्षा आणि फणसाच्या झाडाला टेकवलेली मोटारसायकल. मिस्त्री पन्नाशीचा, किडकिडीत. त्याने आधी आम्हां सर्वांना पाणी दिले, मग गाडीकडे वळला. विजेरी घेऊन पाच मिनिटे वाकून पाहिले आणि उभा राहून म्हणाला,

"मास्तरांनू, पाणी खंय जाता ता गावला. पंप गेलो हा. पण पंपाक जो फिरवता, तो पट्टो आदी बघूक व्हयो."

मी मास्तर आहे हे त्याला कुणी सांगितले नव्हते. माझ्या चेहऱ्यावरून ते कळते, असे माझ्या पत्नीचे मत आहे.

आता हा पट्टा म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवे. इंजिनात खाली एक दांडा फिरत असतो. त्याला क्रँक म्हणतात. दट्टे वर-खाली होतात ते त्याला फिरवतात, आणि चाके फिरतात ती त्याच्या जोरावर. इंजिनाच्या डोक्यावर दुसरा दांडा असतो, तो कॅम. हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा उघडणे-मिटणे हे त्याचे काम. शास्त्राच्या मराठी पुस्तकात 'दट्ट्या' आणि 'झडप' असे छान शब्द आहेत. मिस्त्री मात्र 'पिश्टन' आणि 'वाल' म्हणतो, आणि गाडी त्याच्याच शब्दांनी दुरुस्त होते. या दोन दांड्यांचा मेळ अगदी काटेकोर लागतो. क्रँकचे दोन फेरे होतील तेवढ्या वेळात कॅमचा एकच फेरा व्हायचा, कमी नाही, जास्त नाही. म्हणून खालच्या चाकाला वीस दात असले, तर वरच्याला चाळीस. या दोघांना बांधून ठेवणारा जो दातेरी पट्टा, तोच टायमिंग बेल्ट. आमच्या गाडीत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरत होता.

या मेळाची घाई किती असते, ते आकड्यांनी पाहावे. गाडी रस्त्याला लागली आणि क्रँक मिनिटाला तीन हजार फेरे घेऊ लागला, की प्रत्येक झडप मिनिटाला दीड हजार वेळा उघडते. म्हणजे सेकंदाला पंचवीस वेळा. तासाभराच्या प्रवासात नव्वद हजार वेळा! डिझेलच्या इंजिनात दट्ट्या वर आला की त्याच्या आणि इंजिनाच्या डोक्याच्या मध्ये फारच थोडी जागा उरते. झडप खाली उतरलेली असते तेव्हा दट्ट्या खाली हवा, आणि दट्ट्या वर येतो तेव्हा झडप मिटलेली हवी. दोघेही एकाच जागेत ये-जा करतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. चालत्या गाडीत पट्टा तुटला, तर वरचा दांडा जागच्या जागी थबकतो आणि खालचा मात्र आपल्या वेगाने फिरत राहतो. मग दट्टे उघड्या झडपांवर आदळतात. झडपा वाकतात, कधी दट्टे फुटतात, आणि सबंध डोके उतरवावे लागते. पट्ट्याची किंमत ती काय, आणि या मोडतोडीची ती काय!

मिस्त्रीने वरचे झाकण सोडवले. पट्टा हाताने किंचित उलटा केला आणि दातांच्या मुळाशी विजेरी धरली. केसासारख्या बारीक भेगा सगळीकडे पसरल्या होत्या. एका कडेला पंपातल्या गळत्या पाण्याने रबर फुगले होते.

मी गाडीची नोंदवही काढून त्याच्यापुढे धरली. मेव्हण्याच्या शहरातल्या एका कारखान्याचा शिक्का तीत होता, आणि शिक्क्याशेजारी 'टायमिंग बेल्ट बदलला' असे सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते. तारीख दोन वर्षांपूर्वीची. मिस्त्रीने वही वाचली, मला परत दिली, आणि पट्ट्याच्या पाठीवरची पुसट छापील अक्षरे दाखवली. ज्या वर्षी गाडी कारखान्यातून बाहेर पडली, त्याच वर्षाचा तो पट्टा होता. वहीत बदलला गेला होता, गाडीत नव्हता.

मिस्त्री त्या कारखान्याविषयी एक शब्दही बोलला नाही. "वहीतलो पट्टो तुटणा नाय, मास्तरांनू," एवढेच म्हणाला.

मेव्हण्याला फोन केला. तो चिडला, आणि ते साहजिक होते. पण चिडून त्याने जे सांगितले ते असे: "भाऊजी, तिथे कुणालाही हात लावू देऊ नका. गाडी उचलून सरळ कोल्हापूरला न्या. हे नाजूक काम आहे, झाडाखालच्या माणसाचे नाही." त्याच्या पैशाची गाडी, त्याच्या काळजीची गाडी. माझ्यापुढे प्रश्न उभा राहिला. शिक्का असलेल्याने फसवले म्हणून बिनशिक्क्याच्या माणसावर विश्वास ठेवावा, हे काही तर्कशास्त्रात बसत नाही. मिस्त्री बाजूला उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "घाई असात तर दुसरीकडे न्हेवा. माझ्याकडे ह्या काम घाईत होवचा नाय. पट्टो कुडाळात गावात, पंप कोल्हापुरासून मागवूक व्हयो. परवा दुपारपर्यंत गाडी भायर येवची नाय."

निर्णय पत्नीने केला. ती इतका वेळ दुकानाच्या मागच्या भिंतीकडे पाहत होती. भिंतीवर ओळीने खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला एकेक जुना पट्टा टांगलेला होता. प्रत्येकाला सुताने बांधलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर गाडी कुणाची, किती किलोमीटर चालली, पट्टा कोणत्या दिवशी काढला. काही पट्टे धड होते, काहींचे दात गळालेले, एकाच्या चिंध्या झालेल्या. ती म्हणाली, "ज्याच्याकडे जुने जपून ठेवलेले आहे, तो नवे नीट बसवील. गाडी इथेच राहू द्या." मेव्हण्याला तिनेच समजावले. भावाला बहिणीइतके कोण समजावणार!

अशा रीतीने दोन दिवस मालवणात मुक्काम पडला. मुलीला तर आनंदच झाला.

किल्ल्याविषयी फार लिहीत नाही. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याच्या बांधकामाचा मुहूर्त झाला. मुहूर्ताची गणेशपूजा जिथे झाली तो मोरयाचा धोंडा आजही किनाऱ्यावर दाखवतात. कुरटे बेटावरचे हे काम तीन वर्षे चालले. खाऱ्या समुद्राच्या पोटात दूधविहीर, साखरविहीर आणि दहीविहीर अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, आणि महाराजांच्या हाताचा नि पायाचा ठसा जपणाऱ्या दोन घुमट्या आहेत. या वेळी मला विशेष जाणवले ते एवढेच, की किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, आणि तिथवर नेणारा होडीवाला वाऱ्या-पाण्याचा रोख पाहिल्याखेरीज होडी सोडत नाही. पावसाळ्यात तर ही वाट बंदच असते. एका पर्यटकाने "जास्त पैसे देतो, लगेच चला" म्हटले, तर होडीवाला हसला आणि विडी ओढत बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दांडीच्या किनाऱ्यावर रापण पाहायला गेलो. शहरातल्या वाचकांपैकी कित्येकांनी हे नाव ऐकले असेल, पण ओढत असलेली रापण फार थोड्यांनी पाहिली असेल. होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडत नेतात. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे लांबलचक दोर किनाऱ्यावर आणतात. मग एका दोराला माणसांची एक रांग आणि दुसऱ्याला दुसरी. दोन्ही रांगांत बरेच अंतर असते. दोर ओढता ओढता त्या एकमेकींच्या जवळ सरकत येतात, आणि शेवटी जाळ्याचा घोळ वाळूवर येतो. उजाडत होते. पुरुष, बायका, एक-दोन शाळकरी पोरे, सगळे पाय रोवून मागे झुकलेले. एक म्हातारा दोन्ही रांगांच्या मधोमध उभा होता. त्याने दोराला हात लावलेला नव्हता. तो फक्त पाण्यावरच्या जाळ्याच्या ओळीकडे पाहत होता आणि मधूनमधून एका बाजूला हात करून ओरडत होता.

मी शेजारच्या माणसाला विचारले, म्हातारा काय सांगतो आहे? तो म्हणाला, एक बाजू पुढे जाते आहे, तिला थांबवतो आहे. एका बाजूने जोरात ओढले की जाळे तिरके होते, दुसऱ्या बाजूला खालून वाट मोकळी होते, आणि मासळी तेवढीच वाट शोधत असते. ओढणाऱ्याला आपण जोर लावतो आहोत एवढेच कळते. जाळे तिरपे झाले आहे हे मधल्या माणसालाच दिसते.

मी तिथल्या तिथे मिस्त्रीच्या पट्ट्याचा विचार करू लागलो, हे सांगितले तर पत्नी हसेल. म्हणून तेव्हा बोललो नाही. जाळ्यात बांगडे होते, तारल्या होत्या, आणि वाळूवर फडफडणारी बरीच बारीक मासळी. वाटे घालायला सुरुवात झाली. ज्यांनी दोराला हात लावला त्या पोरांच्या ओंजळीतही चार मासे पडले. पूर्वी याच्या कितीतरी पट मासळी एका रापणीला येत असे, असे जुने रापणकर सांगतात. खोल पाण्यात यांत्रिक बोटी आल्या, मोठी जाळी आली आणि किनाऱ्यापर्यंत पोहोचणारी मासळी आटली. ते दुःख मोठे आहे आणि त्याला स्वतंत्र लेख हवा.

तिसऱ्या दिवशी सकाळी पंप आला, आणि मी दुकानात हजर झालो. शिकवण्याचा धंदा असलेल्या माणसाला दुसऱ्याचे काम पाहत बसण्याची हौस असते. मिस्त्रीने मला पेटीवर बसवले आणि प्रत्येक पायरी जणू वर्गात फळ्यापुढे उभे राहून दाखवावी, तशी दाखवली.

प्रथम त्याने बॅटरीची तार सोडली. चुकून कुणाचा हात चावीला लागला आणि इंजिन फिरले, तर सगळाच ग्रंथ आटोपायचा. मग गाडी उचलून एका बाजूचे चाक काढले. बाहेरचे पट्टे, खालची मोठी पुली आणि झाकणे उतरवली. त्यानंतर लांब पाना लावून क्रँक हाताने हळूहळू फिरवला, पहिला दट्ट्या अगदी वरच्या टोकाला येईपर्यंत. त्या ठिकाणी खालच्या चाकावरची खूण इंजिनावरच्या खुणेसमोर येते, आणि वरच्या चाकावरची तिच्या जोडीदारासमोर. त्या खुणा त्याने फडक्याने पुसून लख्ख केल्या आणि त्यांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले. एक दात पुढेमागे झाला तर किती फरक पडतो, म्हणून मी विचारले. वीस दातांच्या चाकावर एक दात म्हणजे अठरा अंश, हा हिशोब आम्ही दोघांनी मिळून केला. एका दाताने गाडी धूर ओकते, तिचा जोर जातो. दोन-तीन दातांनी झडपा दट्ट्यांना भिडू शकतात.

मग पट्ट्याला ताण देणारे चाक त्याने सैल केले. त्याला तो 'टेन्शन बेरिंग' म्हणतो. "आमच्या घरातही एक आहे," असे मी म्हटल्यावर तो मनापासून हसला. जुना पट्टा निघाला. पंप बदलला, ताणाचे चाक बदलले, मधले आधाराचे चाकही बदलले. ही चाके धड दिसत होती, मग ती का बदलायची, असे मी विचारले. तो म्हणाला, "पट्टो नवो आणि बेरिंग जुना, तर बेरिंग अडाकला की नवो पट्टो पण गेलो. परत हीच उस्तवार कोण करतलो?" खर्च वाढला, पण त्याचे म्हणणे बिनतोड होते. इतके सगळे उघडायचे कष्ट पट्ट्यापेक्षा मोठे, तेव्हा एकदाच सगळे नवे घालायचे.

नवा पट्टा कागदी वेष्टनातून बाहेर निघाला तेव्हा माझ्या मुलीने तो हातात घेतला आणि बांगडीसारखा दुमडू लागली. मिस्त्रीने हळूच तिच्या हातातून तो काढून घेतला. "बाय माझे, ह्येका मोडू नुको." पट्ट्याच्या आत काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या असतात. ताणाला त्या पोलादासारख्या टिकतात, पण पट्टा घट्ट दुमडला तर आतल्या आत तुटतात. वरून रबर तसेच्या तसे, दात तसेच्या तसे. आणि कुठेतरी घाटात, मग, एके दिवशी ते कळते. तेलाचा हातही तो पट्ट्याला लावू देत नव्हता. साबणाने हात धुऊन, पुसून, मग त्याने पट्टा चढवायला घेतला. आधी खालच्या चाकावर, मग ज्या बाजूला ओढ पडते ती बाजू ताठ ठेवत वरच्या चाकावर, आणि सैल राहील ते ताणाच्या चाकाकडे. ताण दिला, नट आवळला. मी म्हटले, झाले!

झाले नव्हते. मिस्त्रीने पुन्हा तो लांब पाना घेतला आणि क्रँक हाताने फिरवू लागला. सावकाश, कान देऊन. पूर्ण दोन फेरे. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. तेव्हाच चक्र पुरे होते आणि सगळ्या खुणा पुन्हा आपापल्या जागी येतात. पहिल्या खेपेस वरची खूण केसभर पुढे दिसली. त्याने काही न बोलता ताण सैल केला, पट्टा उतरवला, आणि सगळे पहिल्यापासून पुन्हा केले. दुसऱ्या खेपेस दोन्ही ठिपके समोरासमोर आले. तरीही आणखी दोन फेरे फिरवून पाहिले. "हातान फिरवून बघल्याशिवाय चावी लावूची नाय," तो म्हणाला. हाताने फिरवताना काही अडले तर हात थांबतो. चावी थांबत नाही.

गाडी पहिल्याच फिरकीला सुरू झाली. त्याने ती पाऊण तास तशीच चालू ठेवली, पाण्याची वाफ-गळती पाहिली, मग स्वतः चौक्यापर्यंत चालवून आणली. शेवटी पट्ट्याच्या झाकणावर त्याच पांढऱ्या रंगाने तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहिला. बिलात सुट्या भागांची पावती जशीच्या तशी जोडलेली होती, आणि त्याची स्वतःची मजुरी इतकी थोडी की मी दोनदा विचारले. जुना पट्टा मी मागून घ्यावा, असे पत्नीचे म्हणणे होते. पण मिस्त्रीने तो आधीच चिठ्ठी बांधून खिळ्याला टांगला होता.

चहा पिताना मी त्याला विचारले, होडीची यंत्रे दुरुस्त करणारा माणूस या पट्ट्याच्या नादाला कसा लागला? तो म्हणाला, त्याचे वडील मालमोटारी आणि बोटींची कामे करायचे. त्या मोठ्या डिझेल यंत्रांत पट्टा नसतो, दात्यांना दाते लागलेली लोखंडी चाके असतात. जुन्या अँबॅसिडर आणि फियाटमध्ये साखळी असे. १९८३ च्या डिसेंबरात मारुतीची छोटी गाडी आली आणि तिच्यासंगे हा पट्टा घरोघरी शिरला. १९९८ मध्ये पुण्याहून टाटांची इंडिका आली, तिच्या डिझेल इंजिनातही तोच. वडिलांचा पट्ट्यावर विश्वास नव्हता. रबराने लोखंडाला हाकायचे ही कल्पनाच त्यांना पटत नसे. मुलगा कोल्हापूरला जाऊन ते शिकून आला.

या पट्ट्याचा जन्मही मोठा मौजेचा आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेत शिवणयंत्रासाठी तो प्रथम तयार झाला. वरची सुई आणि खालचा दोरा यांचा मेळ न घसरता राखायचा, एवढेच त्याचे काम. मोटारीच्या कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडणाऱ्या गाडीत तो पहिल्यांदा बसला १९६२ मध्ये, जर्मनीतल्या ग्लास कंपनीच्या १००४ या गाडीत. बव्हेरियातली ही कंपनी आधी शेतीची पेरणीयंत्रे करीत असे. साखळीपेक्षा तो हलका, स्वस्त, आवाज न करणारा, आणि त्याला तेल पाजावे लागत नाही. पाहता पाहता जगभरच्या गाड्यांनी तो उचलला. आता पुन्हा पुष्कळ नव्या गाड्यांत साखळी आली आहे, आणि विजेवरच्या गाडीत तर झडपाच नाहीत, मग पट्टा कुठला! मिस्त्रीच्या मुलाला म्हणून तो हे काम शिकवतो आहे की नाही, हे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते. त्याआधीच मुलगा कुडाळहून दुसऱ्या कुणाचा तरी पट्टा घेऊन मोटारसायकलवरून उतरला.

पण त्या दुपारी मिस्त्री जे बोलला, ते मला या सगळ्या इतिहासापेक्षा मोलाचे वाटते. मी विचारले, पट्टा खराब झाला हे चालवणाऱ्याला कळावे कसे? तो म्हणाला, "गिअर बिघाडलो तर बोंब मारता. साखळी सैल पडली तर कुरकुरता. पट्टो काय बोलणा नाय. बोलता तो एकदाच."

म्हणूनच पट्ट्याला आवाजावरून नव्हे, तारखेवरून ओळखायचे असते. कुणी कंपनी साठ हजार किलोमीटर सांगते, कुणी एक लाख; पण त्याच्या जोडीला वर्षेही दिलेली असतात, आणि लोक नेमकी तीच वाचायचे सोडतात. कोकणात मिस्त्रीला हे फार दिसते. मुंबईच्या माणसाची गाडी गावच्या घरी पडवीत उभी असते. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात तेवढी चालते. दहा वर्षांत वीस हजार किलोमीटरसुद्धा होत नाहीत. मालक म्हणतो, गाडी नवीकोरी आहे. पण रबर उभ्या उभ्याही म्हातारे होते. ऊन, दमट हवा आणि दिवसांचे ओझे त्याला चालत्या गाडीइतकेच बाधते. न वापरलेली वस्तू नवीच राहते, हा आपल्या मध्यमवर्गाचा मोठा आवडता समज आहे. आपल्या कपाटातल्या कितीतरी जिनसा त्याला साक्षी आहेत.

या किनाऱ्यावरच्या माणसांना ही गोष्ट निराळी शिकवावी लागत नाही, असे मला दोन दिवसांत वाटले. समुद्र शांत दिसतो म्हणून कुणी पावसाळ्यात होडी घालत नाही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय जुना कोळी-गाबीत पाण्यात उतरत नसे. जाळे फाटेपर्यंत थांबत नाहीत. बंदीच्या दिवसांत पडवीत बसून ते तपासतात. घराची कौले गळू लागल्यावर नव्हे, मिरगाच्या आधी परततात. काहीच बिघडलेले नसताना काम काढायचे, ही इथली जुनी रीत आहे, आणि ती पंचांगाने ठरवलेली आहे. आपण शहरातली माणसे मात्र वस्तू ओरडेपर्यंत तिच्याकडे पाहत नाही. आणि शिक्का मारलेली नोंदवही असली, की पाहण्याची गरजही उरत नाही.

खंडेनवमीला आपण गाडी धुतो, तिला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. ते अवश्य करावे. त्याच दिवशी गाडीच्या कागदांतून दोन गोष्टी शोधाव्यात. आपल्या इंजिनात पट्टा आहे की साखळी, आणि पट्टा असेल तर त्याची वर्षे किती झाली. बदललेला असेल, तर जुना पट्टा समोर मागून घ्यावा. घेऊन काय करायचा, म्हणाल तर काहीच नाही. एखाद्या खिळ्याला चिठ्ठी बांधून टांगून ठेवावा. पुढच्या वेळी तारीख आठवायला तो वहीपेक्षा बरा.